विहिरीत घाण कुणाची, माणसाची की जनावराची? उत्तर देतो मिरचीवरचा विषाणू

समजा, बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं एक गाव आहे. जूनमध्ये दोन-तीन मोठे पाऊस होतात आणि आठवडाभरात गावात जुलाबाचे रुग्ण वाढतात. आरोग्य कर्मचारी सार्वजनिक विहिरीचं पाणी तपासणीच्या छोट्या बाटलीत भरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाणी काळं पडलेलं असतं. म्हणजे ते पिण्यालायक नाही. विहिरीत टीसीएल पावडर पडते, साथ ओसरते. पण पुढच्या महिन्यात बाटली पुन्हा काळी.

आता विहिरीभोवती नजर टाका. एका बाजूला वीस पावलांवर गुरांचा गोठा आणि उकिरडा. दुसऱ्या बाजूला शौचालयांचे खड्डे. वरच्या अंगाला ओढा, आणि त्याच्या काठावर अजूनही काही लोक पहाटे डबा घेऊन जातात. घाण यातल्या नेमक्या कशातून येतेय? गोठा हलवायचा की खड्डा? गावात वाद होतो तो यावरच, आणि काळी बाटली त्यावर काहीच बोलत नाही.

हे गाव काल्पनिक आहे, पण प्रश्न खराखुरा आहे. त्याचं उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञ जे साक्षीदार वापरतात, त्यात एक विषाणू चक्क मिरचीच्या झाडावरचा आहे.

थोडक्यात

- नेहमीची पाणी तपासणी पाण्यात विष्ठा मिसळली आहे का, एवढंच सांगते. ती माणसाची की जनावराची, हे सांगत नाही.
- काही विषाणू ठरावीक प्राण्याच्याच पोटात राहतात. पाण्यात ते सापडले, तर घाणीचा उगम कळू शकतो.
- उगम कळला की काय दुरुस्त करायचं हेही कळतं. त्यामुळे पैसा आणि वेळ दोन्ही वाचतात.

काळी बाटली नेमकं काय सांगते?

गावागावात वापरली जाणारी ही तपासणी म्हणजे एचटूएस चाचणी. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ती मांडली. विष्ठेसोबत पाण्यात येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. बाटलीतल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की पाणी काळं पडतं. वीज लागत नाही, मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आपल्याकडच्या खेड्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

यापुढची पायरी म्हणजे प्रयोगशाळेत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय या जिवाणूंची तपासणी. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये.

पण ई. कोलाय माणसाच्या आतड्यात असतो, तसाच गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्र्याच्या आतड्यातही असतो. शिवाय उष्ण प्रदेशात तो ओल्या मातीत बराच काळ तग धरू शकतो. म्हणजे ई. कोलाय सापडला तर घरात कुणीतरी शिरलंय एवढं कळतं. कोण शिरलंय, ते कळत नाही.

घाण कुणाची, याने काय फरक पडतो?

पहिला फरक आजारांचा. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई, नोरोव्हायरस, पोलिओ, टायफॉइड आणि कॉलरा यांचा पाण्यातून होणारा प्रसार आपल्याकडे प्रामुख्याने माणसाच्या विष्ठेतून होतो. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या विष्ठेतूनही कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी येतात, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. पण विषाणूजन्य साथीच्या दृष्टीने पाण्यात माणसाची विष्ठा असणं जास्त धोक्याचं.

दुसरा फरक उपायाचा. दोष शौचालयाच्या खड्ड्याचा असेल तर गोठा हलवून काही होणार नाही. घाण ओढ्यातून येत असेल तर विहिरीला कठडा, भोवती पक्का ओटा आणि पाणी वळवणारा चर लागेल.

बीडमध्ये हा गुंता आणखी वाढतो. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. वाळूच्या थरातून पाणी झिरपताना थोडंफार गाळलं जातं. पाषाणाच्या भेगांतून मात्र ते गाळलं न जाता वेगाने पुढे जाऊ शकतं. त्यामुळे सर्वांत जवळचा खड्डाच दोषी असेल, असं नुसत्या नजरेने ठरवता येत नाही.

त्यात माणसं आणि जनावरं दोघांचीही ये-जा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची हजारो कुटुंबं जिल्ह्याबाहेर जातात, अनेकांच्या बैलजोड्याही सोबत जातात. उन्हाळ्याच्या तोंडावर ती परत येतात. दुष्काळात चारा छावण्या उभ्या राहतात. २०१९ च्या दुष्काळात बीडमध्ये अशा शेकडो छावण्या होत्या, आणि एकेका छावणीत शेकडो जनावरं दावणीला होती. मग पहिला पाऊस साठलेलं सगळं घेऊन ओढ्यात आणि विहिरीत उतरतो.

मग विषाणूच का?

बहुतेक विषाणू यजमानाच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. एखादा माणसाच्याच पेशीत वाढतो, एखादा गुरांच्याच. जिवाणूंना संसर्ग करणारे विषाणूही असतात. त्यांना बॅक्टेरियोफाज किंवा नुसतं फाज म्हणतात. त्यातले काही फाज माणसाच्या आतड्यातल्या ठरावीक जिवाणूंवरच जगतात. म्हणून असा विषाणू पाण्यात दिसला, तर तो ज्या पोटातून आला त्याचा पत्ता सोबत घेऊन आलेला असतो.

दुसरं कारण चिवटपणा. अनेक विषाणू पाण्यात ई. कोलायपेक्षा जास्त काळ टिकतात आणि क्लोरिनलाही जास्त दाद देत नाहीत. म्हणजे जिवाणूंची तपासणी 'पाणी ठीक' म्हणत असतानाही विषाणू शिल्लक असू शकतात.

याचा मोठा धडा दिल्लीला १९५५-५६ मध्ये मिळाला. नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेत वझीराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचललं जायचं, तिथपर्यंत पोहोचलं. शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन वाढवण्यात आलं. त्यामुळे टायफॉइड किंवा हगवणीची मोठी साथ आली नाही. कावीळ मात्र २९ हजारांहून अधिक लोकांना झाली. त्या साथीतल्या रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले, तेव्हा हे काम हिपॅटायटिस ईचं होतं हे स्पष्ट झालं. जिवाणू मेले होते, विषाणू पार झाला होता.

साक्षीदार क्रमांक १: मिरचीवरचा विषाणू

याचं नाव पेपर माइल्ड मॉटल व्हायरस. मिरची आणि ढोबळी मिरचीच्या झाडांना तो लागतो. पानांवर फिकट-गडद चट्टे पडतात, फळ लहान आणि वेडंवाकडं होतं. तंबाखूच्या पानावरच्या प्रसिद्ध मोझॅक विषाणूचा हा भाऊबंद, आणि तसाच चिवट. मिरची वाळवली, कुटली, तिखट केलं, सॉस बनवला तरी तो टिकू शकतो.

आपण मिरची खातो, तो पोटात जातो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या विष्ठेत कोणकोणते आरएनए विषाणू आहेत याची मोजदाद केली. अपेक्षा माणसाच्या विषाणूंची होती, पण सर्वांत जास्त सापडले वनस्पतींचे विषाणू, आणि त्यात हा पहिल्या नंबरवर. एक ग्रॅम कोरड्या विष्ठेत त्याची संख्या शंभर कोटींपर्यंत गेली. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कच्च्या सांडपाण्याच्या दर मिलिलिटरमागे त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती मोजल्या गेल्या.

त्याचा मोठा फायदा हा की तो वर्षभर असतो. नोरोव्हायरस पाण्यात दिसायला गावात कुणीतरी आजारी असावं लागतं. मिरचीचा विषाणू निरोगी माणसाच्या विष्ठेतही असतो. गुरं काही ठेचा-भाकरी खात नाहीत, त्यामुळे शेणात तो सहसा सापडत नाही.

साक्षीदार क्रमांक २: क्रासफाज

हा विषाणू २०१४ मध्ये संगणकावर सापडला. सॅन दिएगोतल्या संशोधकांनी माणसांच्या विष्ठेतल्या जनुकीय माहितीचे आधीच उपलब्ध असलेले तुकडे एकमेकांशी जुळवून पाहिले. जुळणीसाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरचं नाव 'क्रास', म्हणून विषाणूही क्रासफाज. सुमारे ९७ हजार अक्षरांचा त्याचा जनुकीय मजकूर तोवर कुणाच्याच नजरेत आला नव्हता, आणि तरीही माणसाच्या पोटातला तो सर्वांत मुबलक विषाणूंपैकी एक निघाला. प्रयोगशाळेत या कुळातला विषाणू वाढवायला २०१८ साल उजाडलं. ते काम आयर्लंडमधल्या कॉर्क इथे झालं.

क्रासफाज आतड्यातल्या बॅक्टेरॉइडीस गटाच्या जिवाणूंवर जगतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये त्याच्या आधारे माणसाची विष्ठा ओळखणाऱ्या चाचण्या तयार केल्या.

साक्षीदार क्रमांक ३: कॉलिफाज आणि इतर

ई. कोलायवर जगणाऱ्या फाजना कॉलिफाज म्हणतात. त्यातल्या एफ-आरएनए कॉलिफाजचे चार मुख्य गट आहेत. दुसरा आणि तिसरा गट बहुतेकदा माणसाच्या सांडपाण्यात सापडतो, पहिला आणि चौथा बहुतेकदा जनावरांच्या विष्ठेत.

नुसते कॉलिफाज मोजायला महागडं यंत्रही लागत नाही. ताटलीत ई. कोलायचा पातळ थर वाढवायचा आणि त्यात पाण्याचा नमुना मिसळायचा. जिथे फाजनी जिवाणू फोडले, तिथे साधारण दिवसभरात स्वच्छ ठिपके दिसतात. ते मोजायचे. गट ओळखण्यासाठी मात्र पुढची जनुकीय तपासणी करावी लागते.

माणसाचे ॲडेनोव्हायरस आणि पॉलिओमाव्हायरसही खूण म्हणून वापरले जातात. जनावरांचे वेगळे साक्षीदार असतात: गुरांसाठी गुरांचे पॉलिओमाव्हायरस आणि एंटेरोव्हायरस, डुकरांसाठी डुकरांचे ॲडेनोव्हायरस.

तपासणी कशी होते?

कोविडच्या काळात आरटी-पीसीआर हा शब्द घराघरात पोहोचला. इथेही तेच तंत्र आहे, फक्त नमुना नाकातून न घेता विहिरीतून घेतात.

१. नमुना: एक लिटरपासून गरजेप्रमाणे कितीतरी जास्त पाणी स्वच्छ भांड्यात घेतात आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत नेतात. विहिरीसोबत संशयित जागांचेही नमुने घेतात. गोठ्यातलं शेण, खड्ड्याजवळचं पाणी, ओढा, घरातला हंडा.

२. गोळा करणं: विषाणू जिवाणूंपेक्षा कितीतरी लहान आणि पाण्यात विरळ असतात. विशिष्ट गाळण्या किंवा रसायनं वापरून लिटरभर पाण्यातले विषाणू काही थेंबांत आणतात.

३. जनुकीय मजकूर वेगळा करणं: विषाणूचं कवच फोडून आतला डीएनए किंवा आरएनए काढतात. आरएनए असेल तर त्याचं आधी डीएनएमध्ये रूपांतर करतात.

४. पीसीआर: हव्या त्या विषाणूचा ठरावीक तुकडा असेल तरच यंत्र त्याच्या प्रती वाढवतं. किती फेऱ्यांनंतर संकेत मिळाला, त्यावरून मूळ प्रमाण कळतं.

५. अर्थ लावणं: विहिरीत क्रासफाज आणि मिरचीचा विषाणू दोन्ही भरपूर, गुरांची खूण नाही, तर संशय शौचालयाच्या खड्ड्यांवर किंवा उघड्यावरच्या शौचावर. उलट असेल तर गोठ्यावर. दोन्ही असेल तर बहुधा पावसाचं पाणी सगळंच वाहून आणतंय.

आपल्याकडे असं काही झालंय का?

सांडपाण्यातला विषाणू शोधून आजाराचा माग काढण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. पोलिओसाठी मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जाऊ लागले. एकही मूल लुळं पडलेलं नसताना वस्तीत विषाणू फिरतोय का, हे त्यातून कळायचं. मुंबईच्या सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओ विषाणू शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. कोविडमध्येही जगभर सांडपाणी तपासलं गेलं, तेव्हा नमुन्यात मानवी विष्ठेचं प्रमाण किती हे मोजण्यासाठी अनेक ठिकाणी मिरचीचाच विषाणू वापरला गेला.

घाण माणसाची की जनावराची, हे शोधणारा एक महत्त्वाचा अभ्यास ओडिशातल्या २४ गावांत पावसाळ्यात झाला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात विषाणूंऐवजी बॅक्टेरॉइडेलीस जिवाणूंच्या खुणा वापरल्या होत्या, पण तर्क हाच. माणसाच्या विष्ठेची खूण फक्त ८ टक्के तळ्यांत आणि ४ टक्के भूजल स्रोतांत सापडली. घरांत मात्र, म्हणजे साठवलेल्या पाण्यात किंवा हातांवर, ती ४५ टक्के ठिकाणी होती. विहीर कितीही स्वच्छ केली तरी हंड्यात हात बुडत असेल तर उपयोग नाही, असा याचा अर्थ.

उगम माहीत नसला की काय होतं, हे पुण्याने जानेवारी २०२५ मध्ये पाहिलं. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी परिसरात गियाँ बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण अचानक वाढले. एकूण संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांतही असतो. त्यामुळे दोष पाण्याचा की चिकनचा, यावर चर्चा रंगली आणि कुक्कुटपालन केंद्रांतूनही नमुने घेतले गेले. अशा वेळी विहिरीच्या पाण्यात मानवी खूण आहे की कोंबडीची, हे पहिल्या काही दिवसांत कळणं फार उपयोगी ठरतं.

भारतीय मानकातही विषाणूंचा विचार आहे. आयएस १०५०० नुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात एमएस-टू हा कॉलिफाज सापडता कामा नये. तो सापडला तर हिपॅटायटिस ए आणि एंटेरोव्हायरससाठी पीसीआर तपासणी करावी, असंही मानक सांगतं. तसंच पाण्यात शिल्लक क्लोरिन एरवी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम लागतं, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५ मिलिग्रॅम.

मर्यादा कोणत्या?

- पीसीआर विषाणूचा जनुकीय मजकूर शोधतं. विषाणू जिवंत आहे की क्लोरिनने मेलेला, हे सांगत नाही.
- मिरचीचा विषाणू फार टिकतो. त्यामुळे दिसलेली घाण कालची की जुनी, हे त्याच्यावरून ठरवणं अवघड.
- तो स्वयंपाकघराच्या धुवणातून किंवा रोग पडलेल्या मिरचीच्या वाफ्यातूनही पाण्यात येऊ शकतो. म्हणून एकट्या त्याच्या साक्षीवर निकाल देत नाहीत, सोबत क्रासफाजसारखी दुसरी खूण पाहतात.
- या खुणा शंभर टक्के चोख नसतात. कोंबड्यांच्या आणि काही पक्ष्यांच्या विष्ठेतही मिरचीचा विषाणू किंवा क्रासफाज कधीकधी आढळले आहेत. त्यामुळे कोणतीही खूण वापरण्याआधी स्थानिक माणसांच्या, गुरांच्या, शेळ्यांच्या आणि कोंबड्यांच्या नमुन्यांवर ती पडताळून पाहावी लागते.
- ही तपासणी काळ्या बाटलीपेक्षा महाग आहे आणि तिला प्रशिक्षित माणसं लागतात.

बीडसाठी याचा उपयोग काय?

प्रत्येक विहिरीची अशी तपासणी करण्याची गरज नाही. गाळणी आधीपासूनच आहे. राज्यात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किटने पाणी तपासायचं प्रशिक्षण दिलं जातं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. या सगळ्यातून जे स्रोत टीसीएल टाकूनही पुन्हा पुन्हा दूषित निघतात, तेवढेच पुढच्या तपासणीला पाठवता येतात.

पीसीआरचं तंत्रही जिल्ह्याला नवीन नाही. कोविडच्या काळात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आरटी-पीसीआर तपासणी होत होती. पाण्यातून विषाणू गोळा करण्याची पद्धत वेगळी शिकावी लागते, पण यंत्राचं तत्त्व तेच.

आणि याचा फायदा गावापुरता राहत नाही. बीड शहराला माजलगाव धरणातून पाणी येतं. केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा प्रकल्पावर लातूर शहर अवलंबून आहे. वरच्या गावातला ओढा खालच्या शहराच्या नळापर्यंत जातो.

तोवर तुम्ही काय करू शकता?

- विहिरीत ३३ टक्के क्षमतेची टीसीएल पावडर दर हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम या प्रमाणात, द्रावण करून टाकली जातेय का, हे जलसुरक्षकाला विचारा. ओलसर, जुनी पावडर निकामी होते.
- नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट होते का, ते पाहा. पाणी पिवळसर झालं तर क्लोरिन शिल्लक आहे.
- साथीच्या काळात पाणी खळखळ उकळू द्या, किमान एक मिनिट. उकळण्यापुढे विषाणूही टिकत नाहीत.
- हंड्यात हात बुडवू नका. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं भांडं वापरा.
- बाटली काळी पडली तर तारीख, पाऊस आणि रुग्णांची संख्या लिहून ठेवा. पुढे उगम शोधताना ही वही फार कामाची असते.

सुरुवातीच्या त्या काल्पनिक गावात परत जाऊ. तिथे क्रासफाज सापडला असता, तर गोठ्याच्या मालकावरचा आळ गेला असता आणि पंचायतीचा पैसा शौचालयाच्या खड्ड्यांच्या दुरुस्तीवर लागला असता. गुरांची खूण सापडली असती, तर उकिरडा हलवून आणि विहिरीला कठडा बांधून काम झालं असतं. दोन्ही वेळा बाटली सारखीच काळी पडली होती.